फोटो झाला काय, सर?

बुलढाणा जिल्ह्याचे पूर्वापार दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा ही घाटावरची मंडळी. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर ही घाटाखालची. मोताळा राजूर घाटाच्या पायथ्याशी बसून दोन्हीकडच्यांची ये-जा पाहतो. सोयरीक जुळवताना, बदली मागताना आणि मे महिन्यात कुणाकडे पाहुणं जायचं हे ठरवताना हा भेद कटाक्षाने पाळला जातो. अलीकडे शिक्षण खात्याने काहीही न ठरवता तिसरी वाटणी करून टाकली आहे: रेंजमधली शाळा आणि रेंजबाहेरची शाळा.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून ऑनलाइन होतात. पसंतीची गावं भरण्याआधी गुरुजी पूर्वी पट विचारायचे, रस्ता विचारायचे, मुक्कामी एसटी असते का ते विचारायचे. आता पहिला प्रश्न एकच: "तिथं रेंज येते काय?" बाहेरच्या माणसाला वाटतं, वा, गुरुजींना पोरांना आधुनिक पद्धतीने शिकवायचंय! तसं काही नसतं. शिकवायला रेंज लागत नाही. शिकवलं हे वर कळवायला लागते.

आमच्याकडे दगड भिरकावला तर तो डी.एड. झालेल्या माणसाला लागतो. त्यातले जे नोकरीला लागले ते लग्नात, तेरवीत, एसटी स्टँडवर, सगळीकडे भेटतात. त्यांच्या बोलण्यात पूर्वी वेतन आयोग असायचा, आता लिंक असते. लिंक आली, लिंक भरली, लिंक उघडत नाही, लिंकची मुदत वाढली. हे ऐकून ऐकून आणि चार शाळांत डोकावून वर्गातल्या तंत्रज्ञानाविषयी माझं जे मत झालं आहे, ते सांगण्याआधी थोडा इतिहास सांगणं भाग आहे. घाबरू नका, यावर चाचणी नाही.

वर्गात नवी साधनं आणायची हौस सरकारला आजची नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. तिच्यातून फळा आला, नकाशे आले, विज्ञानाची पेटी आली. फळा भिंतीवर असल्यामुळे तो वापरावाच लागला. पेटीला मात्र कुलूप होतं. आतली परीक्षानळी फुटली तर भरपाई कुणी करायची, हा प्रश्न डेडस्टॉक रजिस्टरमधून डोकं वर काढू लागला आणि पेटीचं भवितव्य तिथेच ठरलं. तपासणीच्या दिवशी ती उघडायची, आतल्या वस्तू मोजायच्या, फडक्याने पुसायच्या आणि परत ठेवायच्या. लोहचुंबक म्हणजे काय, हे पोरांना कळलं ते रेडिओ दुरुस्तीवाल्याने फेकून दिलेल्या स्पीकरमुळे.

त्याच काळात पुण्याला बालचित्रवाणी होती. १९८४ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने मुलांसाठी कार्यक्रम केले, ते दूरदर्शनवर लागायचे. अडचण एवढीच होती की कार्यक्रमाची वेळ दूरदर्शन ठरवायचं आणि लाइटची वेळ सबस्टेशनचा ऑपरेटर. दोघांची गाठ पडायची तो सुदिन. २०१७ मध्ये ही संस्थाच बंद झाली; ऑपरेटर तेवढा अजून कामावर आहे.

मग संगणक आले. शाळांमध्ये आयसीटी ही केंद्राची योजना डिसेंबर २००४ ची. महाराष्ट्रात तिच्यातून माध्यमिक शाळांमध्ये टप्प्याटप्प्याने प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, आधी ५००, मग २,५००, मग ५,००० शाळांत. कंपनीने प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या हवाली करायची, असा करार. हवाली झाल्यावर कंत्राटी निदेशक गेले, संगणक राहिले. चालवणारा निघून गेल्यावर यंत्राने काय करायचं, हे करारात नव्हतं.

पण त्या खोलीचा थाट काय वर्णावा! शाळेत फक्त तिलाच पडदे. फक्त तिथेच धूळ नको. शेगावला गजानन महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला जावं तशी पोरं ओळीने, चपला बाहेर काढून, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवून आत शिरायची. एका संगणकापुढे पाच जण. पहिल्याच्या हातात माऊस, दुसऱ्याच्या ताब्यात की-बोर्ड, तिसरा सूचना देणार, चौथा "मले दे ना बे" म्हणणार आणि पाचवा बाहेर चपला राखणार. तास संपेपर्यंत पेंटमध्ये दोन डोंगर आणि त्यांच्या मधला सूर्य पुरा होत आलेला असायचा, तेवढ्यात लाइन जायची. अशा सेव्ह न झालेल्या सूर्यांचा कुणी हिशेब लावला, तर विदर्भातल्या उन्हाचं कोडं सुटेल.

शिक्षकांचीही सुटका नव्हती. २००१ मध्ये सुरू झालेली एमएस-सीआयटी पुढे त्यांना सक्तीची झाली. ३१ डिसेंबर २००७ ही शेवटची तारीख, त्यापुढे वेतनवाढीवर गदा. त्या दिवसांत तालुक्याच्या क्लासमध्ये जे दृश्य दिसायचं ते पुन्हा दिसणे नाही. ज्या गुरुजींनी अख्ख्या गावाकडून बाराखडी गिरवून घेतली, ते आपल्याच जुन्या विद्यार्थ्याकडून माऊस धरायला शिकत होते. माऊस टेबलाच्या कडेला पोचला की गुरुजी टेबल सरकवायला उठायचे.

"सर, डबल क्लिक करा."

"केलं ना बाप्पा. दोनदा दाबलं."

"लवकर लवकर दाबा, सर."

"घाई कायची हाये?"

घाई वेतनवाढीची होती, पण विद्यार्थ्याने ते गुरुजींना कसं सांगावं?

यानंतर डिजिटल शाळांचं युग आलं. ठाणे जिल्ह्यात पाष्टेपाड्यासारख्या छोट्या शाळेत पोरांच्या हाती टॅब आले, धुळे जिल्ह्यात लोकवर्गणीतून शाळा डिजिटल होऊ लागल्या, २२ जून २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला आणि बघता बघता हे वारं आमच्याकडेही पोचलं. इथे थट्टा थोडी आवरती घेतो. सोयाबीनला भाव नाही, कपाशीवर बोंडअळी, अशा गावांनी शाळेसाठी वर्गणी काढली. पुण्याला कंपनीत लागलेल्या पोरांनी पैसे धाडले. ही हौस खोटी नव्हती. हसू आलं ते तिच्या उद्घाटनाला.

एका गावचं उद्घाटन डोळ्यांपुढे आहे. टीव्हीला हार, रिमोटला हळदकुंकू. नारळ फोडायचा कशावर, यावर दहा मिनिटं खल झाला, कारण खाली वायर होती. देणगीदारांच्या नावांची पाटी टीव्हीपेक्षा मोठी. सहा भाषणं झाली. प्रत्येक भाषणात एकविसावं शतक होतं आणि दोनांत तर ते लवकरच येणार होतं. पोरं मांडी घालून सकाळपासून बसलेली. शेवटी अध्यक्षांनी बटण दाबलं. पडदा निळा झाला आणि त्यावर इंग्रजी अक्षरं उमटली: नो सिग्नल. गावाने कडकडून टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर टीव्हीसाठी लोखंडी कपाट बनवून आणलं, कारण आधी डिजिटल झालेल्या एका शाळेतला टीव्ही चोरीला गेल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं. कपाटाला कुलूप. कुलपाची चावी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. खणाची चावी मुख्याध्यापकांच्या खिशात. मुख्याध्यापक पंचायत समितीत, डिजिटल शाळांच्या आढाव्याच्या बैठकीला. विज्ञानाच्या पेटीचा आत्मा असा देह बदलून परत आला.

चावी सापडली तरी लाइट हवी. शाळेचं बिल भरायचं सादिलातून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या अनुदानातून. सादिल येतं कधी? बिल थकल्यावर. मधल्या काळात मीटर कापलं जातं. मग मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून बिल भरतात आणि घरी जाऊन ते कुठल्या खात्यात दाखवायचं, याचा विचार करतात. यू-डायसमध्ये शाळेची सगळी कुंडली दरवर्षी भरावी लागते; वीज आहे का, संगणक किती, इंटरनेट आहे का. ही माहिती ऑनलाइनच भरायची. म्हणजे इंटरनेट नाही, हे सांगायला गुरुजींनी फटफटी काढून इंटरनेट असलेल्या गावाला जायचं. तिथे गेल्यावर सर्व्हर डाउन. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. ते खरं किती ठरतं हा वाद निराळा. पण सर्व्हर डाउन असल्यामुळे यंदाचं भाकीत उद्या सांगू, असं तिथे अजून कुणी ऐकलेलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे फोटोकडे येतो. आजच्या शाळेतलं सर्वाधिक वापरलं जाणारं शैक्षणिक साधन म्हणजे गुरुजींच्या फोनचा कॅमेरा. हात धुण्याचा दिवस असला की फोटो, झाड लावलं की फोटो, वाचन केलं की फोटो, योगासनं केली की फोटो. केंद्राच्या (दिल्लीच्या नव्हे, शाळांच्या) ग्रुपवर सकाळी निरोप येतो: अतितात्काळ, दुपारी १२ पर्यंत, न पाठवल्यास आपली शाळा निरंक समजण्यात येईल. मग गणिताचा तास थांबतो. पोरांच्या हातात पुस्तकं दिली जातात, चेहऱ्यावर गोडी आणायला सांगितलं जातं. एका शाळेत मी असाच उभा होतो. दुसरीतला एक चिमुरडा पुस्तक नाकापुढे धरून ताठ बसला होता. पुस्तक उलटं होतं. मान जराही न हलवता त्याने विचारलं, "फोटो झाला काय, सर? खेळू काय आता?"

या पोराला शासनाचं शैक्षणिक धोरण जितकं कळलं, तितकं मंत्रालयात कुणाला कळलं असेल असं वाटत नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये तर याच्याही पुढचा विचार झाला होता. दर सोमवारी शिक्षकांनी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढायचा आणि शिक्षण खात्याच्या सरल या ऑनलाइन प्रणालीवर चढवायचा. गैरहजर मुलं शोधून काढण्याचा हेतू चांगला होता. पण साठ पोरांच्या वर्गाचे सहा सेल्फी काढायचे म्हटल्यावर सोमवारचा पहिला तास भूगोलाचा की फोटो स्टुडिओचा, असा पेच पडला. ओरड झाली आणि तो बेत बारगळला. डिसेंबर २०२३ पासून हजेरी स्विफ्टचॅट नावाच्या ॲपवरच्या बॉटला सांगायला सुरुवात झाली. आधी हजेरी घेताना पोरं "हजर" म्हणायची आणि गुरुजी वर पाहून खात्री करायचे. आता पोरं "हजर" म्हणतात आणि गुरुजी खाली पाहून गोल फिरणारं चक्र थांबायची वाट बघतात.

या सगळ्या धबडग्यात एक नवी जात जन्माला आली: तंत्रस्नेही शिक्षक. प्रत्येक केंद्रात असा एक असतो. बिचाऱ्याने कधी तरी कार्यशाळेत हौसेने हात वर केलेला असतो, तो आजतागायत खाली आलेला नाही. पगाराची स्लिप, आधार जोडणी, विस्तार अधिकाऱ्यांच्या मुलीचा प्रवेश अर्ज, सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमाचं बॅनर, सगळं त्याच्याकडे. पाचवीचा वर्गही त्याच्याचकडे असतो, पण ते लक्षात राहत नाही. त्याला आठवड्यातून एकदा बोलून टाइप करायची कला इतरांना शिकवावी लागते. फोनला पुण्याचं मराठी पाठ, आमचे गुरुजी वऱ्हाडीत विचारतात, "पोट्टे काहून नाही आले?" फोन थोडा वेळ विचारात पडतो आणि जे लिहितो, ते शालेय अहवालात घालण्याजोगं नसतं.

आता एआय आलं आहे. कार्यक्रमाचा अहवाल ते चुटकीसरशी लिहून देतं, "विद्यार्थ्यांमध्ये उत्साहाचे वातावरण होते" हे वाक्य न विसरता. पुढेमागे साहेबही ढीगभर अहवालांचा सारांश एआयकडूनच काढून घेतील. लिहिणारं यंत्र, वाचणारं यंत्र. वाचलेल्या वेळात मधल्या शिक्षकाला शिकवू दिलं, तर याहून मोठी क्रांती नाही.

कोरोनात या तंत्रज्ञानाची खरी परीक्षा झाली. शाळा बंद पण शिक्षण सुरू, अशी घोषणा होती. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून टिलीमिली ही अभ्यासाची मालिका लागू लागली. ज्या घरी टीव्ही होता तिथे ती कामाला आली. ऑनलाइन तासाचं गणित मात्र जुळेना. घरात पोरं तीन आणि फोन एक. फोन बापाच्या खिशात, बाप वावरात, आणि तास सकाळी दहाला. संध्याकाळी बाप घरी आला की फोनला चार्जिंग नाही. शेवटी कितीतरी गुरुजींनी मास्क लावला आणि कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या लिंबाखाली पाच-पाच पोरं बसवून शिकवलं. त्यातल्या बऱ्याच जणांनी अभ्यास पोचवला तो कागदावर लिहून, झेरॉक्स काढून, घरोघर जाऊन. फोर-जी म्हणतात ते हेच असावं: गुरुजी, गाडी, गल्ली, गृहपाठ.

म्हणजे हे सगळं थोतांड आहे काय? मुळीच नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड लावले. ती युक्ती पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. बक्षीस दहा लाख डॉलरचं, त्यातलं निम्मं त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांत वाटून टाकलं. कोड स्कॅन केला की पाठाशी जुळणारं काही ऐकायला, पाहायला मिळतं. इथे तंत्रज्ञानाचं तोंड पोराकडे आहे. सारा फरक तेवढाच.

आमच्याच जिल्ह्यात हा फरक मी एका तासात पाहिला. घाटावरची शाळा, पाचवीचा वर्ग. चावी त्या दिवशी सापडली होती, लाइट होती, टीव्ही लागला होता. पडद्यावर लोणार. निवेदक कुठल्या तरी भारदस्त आवाजात सांगत होता की उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि सरोवराचं पाणी खारं नि हिरवं आहे. मागच्या रांगेतून एक पोरगी उठली.

"सर, ते गुलाबी झालतं."

"कवा गं?"

"लाकडाउनमध्ये. माह्या मामानं फोटो धाडला होता."

वर्गात दोन तट पडले. काही पोरं निवेदकाच्या बाजूची, काही मामाच्या. तेवढ्यात रिवाजाप्रमाणे लाइन गेली आणि निवेदक निरुत्तर झाला. गुरुजींनी फोन काढला. मला वाटलं, आता फोटो काढणार. त्यांनी जून २०२० मधली गुलाबी लोणारची छायाचित्रं शोधली आणि फोन रांगेतून फिरवला. मामा जिंकला. मग पोरगी म्हणाली, "मंग आता काहून हिरवं?" आता गुरुजींना वाचावंच लागलं. त्यांनी वाचून, थांबून, सोपं करून सांगितलं: त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले, खाऱ्या पाण्यात जगणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्म जीव माजले, त्यांचा रंग गुलाबी, पुढे पाऊस पडला, खारटपणा उतरला, ते जीव तळाशी बसले. एका पोराने विचारलं, आपल्या विहिरीत मीठ टाकलं तर ती गुलाबी होईल काय? दुसऱ्याने त्याच्या बापाचं नाव घेऊन काय होईल ते सांगितलं. वर्ग हसला, पण खारटपणा मोजतात कसा, हा प्रश्न त्यातूनच निघाला, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कुणी उठेना.

त्या तासाचा एकही फोटो ग्रुपवर गेला नाही. त्यामुळे नोंदीनुसार त्या दिवशी त्या वर्गात तंत्रज्ञानाचा वापर निरंक.

माझं मत एवढंच आहे. पोराच्या प्रश्नाला उपयोगी पडलं ते शैक्षणिक तंत्रज्ञान, मग तो फुटका स्पीकर का असेना. साहेबाच्या प्रश्नाला उपयोगी पडलं ते कार्यालयीन साहित्य. ते जरूर वापरा, पण त्याचा खर्च शिकवण्याच्या तासातून वळता करू नका.

तेव्हा येत्या २६ जानेवारीला गावच्या शाळेत झेंडावंदनाला गेलात, तर टीव्ही किती इंची आणि कुणी दिला, हे विचारू नका; ते पाटीवर लिहिलेलं असतं. कपाटाची चावी कुठे असते आणि ते शेवटचं कधी उघडलं, हे विचारा. आणि शाळेचं लाइटबिल थकलेलं असेल, तर यंदाची वर्गणी त्यात घाला. तुमचं नाव पाटीवर लागणार नाही, पण टीव्ही लागेल.